मंगळ-बुध-गुरू: पूर्व इंग्लंडमधली तीन बाजारगावं आणि त्यांच्या वाचनसंस्था

पूर्व इंग्लंडमधल्या जुन्या वाचनसंस्था पाहायच्या असतील तर आखणी बाजाराच्या वारावरून करावी. सॅफ्रन वॉल्डनचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो, बेरी सेंट एडमंड्सचा बुधवारी आणि शनिवारी, विझबीचचा गुरुवारी आणि शनिवारी. शनिवारी एकाच गावाला न्याय देता येतो. मंगळ-बुध-गुरू असा क्रम धरला की तिन्ही गावं त्यांच्या भरात दिसतात. या इमारती धान्य, माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि बंदराच्या व्यापारातून उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे समोरचा चौक रिकामा असताना त्यांचं कोडं अर्धंच उलगडतं. शिवाय बाजाराच्या दिवशी बस बऱ्या मिळतात आणि जेवणही स्वस्तात होतं.

सोयीचा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात मोठे वाडे आणि छोटी कलादालनं बंद असतात आणि साडेचारला अंधार पडतो.

सोमवार: लंडन ते ऑडली एंड

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून केंब्रिजकडे जाणारी गाडी पकडायची आणि ऑडली एंडला उतरायचं. प्रवास साधारण तासाभराचा. तिकीट काढताना 'सॅफ्रन वॉल्डन' शोधलं तर हाती काही लागणार नाही, कारण त्या नावाचं स्थानक आता नाही. फलकावर ऑडली एंडचा थांबा आहे की नाही हे बघूनच चढावं, कारण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. थेट स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरलात तर लंडनचा हेलपाटा वाचतो. तिथून केंब्रिजच्या दिशेने जाणाऱ्या काही गाड्या ऑडली एंडला थांबतात.

स्थानक वेंडन्स ॲम्बो या खेड्यात आहे आणि गाव तिथून दोन मैलांवर, म्हणजे तीनेक किलोमीटर. १८४५ मध्ये मुख्य मार्ग टाकताना तो कॅम नदीच्या खोऱ्यातून नेला आणि गाव बाजूला राहिलं. वाट ऑडली एंडच्या जमीनदारांच्या मालमत्तेजवळून जात होती, म्हणून तिथल्या बोगद्यांची तोंडंसुद्धा नक्षीदार बांधावी लागली. गावाला जोडणारा फाटा १८६५ मध्ये सुरू झाला आणि १९६४ मध्ये प्रवाशांसाठी बंद पडला. तो आणण्यात गिब्सन नावाच्या बँकर घराण्याचा पुढाकार होता. हे नाव लक्षात ठेवा, उद्या ते पावलोपावली भेटणार आहे.

स्थानकाबाहेर बस मिळते, पण संध्याकाळी आणि रविवारी ती विरळ होते. टॅक्सी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. सामान हलकं असेल तर चालत जायलाही हरकत नाही.

दुपार हातात असेल तर वाटेवरचा ऑडली एंड हा वाडा बघून घ्यावा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सफकच्या अर्लने तो बांधला. आज दिसतो तो मूळ पसाऱ्याचा एक भाग आहे, आणि तोही डोळ्यांत मावत नाही. दुसऱ्या चार्ल्सने न्यूमार्केटच्या घोड्यांच्या शर्यती जवळ पडतात म्हणून तो विकत घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात इथे पोलिश गुप्त तुकड्यांचं प्रशिक्षण चाले. वाडा जुन्या वास्तू जपणाऱ्या 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेकडे आहे. 'नॅशनल ट्रस्ट' ही वेगळी संस्था, आणि एकीचं सभासदत्व दुसरीकडे चालत नाही. आपल्याकडच्या पर्यटकांची इथे हमखास गफलत होते. वेळ कमी असेल तर दालनं सोडा आणि भिंतीआडची भाजीबाग बघा.

उजेड असेपर्यंत सॅफ्रन वॉल्डन गावातलं सेंट मेरीज चर्चही उरकता येतं. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत ते बहुतांशी नव्याने बांधलं गेलं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलवर काम केलेल्या जॉन वॅस्टेलचा हात त्याला लागलेला आहे. टोकदार मनोरा मात्र १८३२ चा, उंची १९३ फूट. आत हेन्री आठव्याचा लॉर्ड चॅन्सेलर टॉमस ऑडली याची काळ्या दगडाची कबर आहे. १६४७ मध्ये राजाविरुद्ध लढलेली पार्लमेंटची फौज या गावात तळ ठोकून होती आणि थकलेल्या पगाराच्या तक्रारींवरून अधिकाऱ्यांच्या बैठका याच चर्चमध्ये झाल्या.

मंगळवार: सॅफ्रन वॉल्डन

सकाळी नऊच्या आत चौकात पोचावं. मालाच्या गाड्या लागून झालेल्या असतात आणि गर्दी अजून व्हायची असते. चौकाच्या मध्यावर उभं राहून एकदा गोल फिरलं की गावाचा जमाखर्च समोर उभा राहतो. टाउन हॉल मूळ १७६१-६२ चा. त्यापुढचा लाकडी पट्ट्यांचा, त्रिकोणी छपराचा दर्शनी भाग १८७९ मध्ये जॉर्ज स्टेसी गिब्सनच्या पैशातून चढवला. मधलं पाण्याचं कारंजं १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ठेवलेलं होतं. पुढच्या वर्षी युवराजाच्या लग्नानिमित्त ते इथे आलं, तेही गिब्सनांमुळेच. बँकेची लाल विटांची इमारत १८७४ ची, वास्तुकार विल्यम ईडन नेसफिल्ड. ती गिब्सनांची स्वतःची पेढी, जी १८९६ च्या मोठ्या विलीनीकरणात बार्कलेजमध्ये गेली.

आणि कोपऱ्यावर, किंग स्ट्रीटच्या तोंडाशी, घड्याळाच्या मनोऱ्याचं कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्याच्या सौद्यांची इमारत. वास्तुकार रिचर्ड ट्रेस, बांधकाम १८४७-४८. आज यात सार्वजनिक वाचनालय आहे, आणि 'सॅफ्रन वॉल्डन लिटररी अँड सायंटिफिक इन्स्टिट्यूशन' या १८३२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा ग्रंथसंग्रह त्यातल्याच वेगळ्या खोल्यांत ठेवलेला आहे. या मुक्कामात सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे.

आधी इमारत. कॉर्न एक्स्चेंजमध्ये पोती येत नसत, यायचे ते नमुने. शेतकरी कापडी पिशवीत मूठ-दोन मुठी गहू किंवा बार्ली घेऊन यायचा, व्यापारी आपल्या उंच मेजाशी उभा राहून दाणे तळहातावर घ्यायचा, दाताखाली फोडायचा, वास घ्यायचा आणि भाव बोलायचा. माल्टच्या बार्लीचा भाव रंगावर ठरतो. पावसात भिजून पिवळटलेला दाणा उन्हाच्या झोतात चांगला वाटू शकतो आणि चांगला दाणा अंधाऱ्या कोपऱ्यात कळकट दिसतो. म्हणून अशा वास्तूंना सावली न पाडणारा, वरून येणारा एकसारखा उजेड लागे. देशभरच्या कॉर्न एक्स्चेंजांत काचेची छपरं दिसतात ती याच गरजेतून. कॉर्न लॉज हे धान्याच्या आयातीवर जबर कर लावणारे कायदे १८४६ मध्ये रद्द झाले, व्यापार वाढणार या आशेने गावोगाव अशा इमारती उठल्या, आणि १८७० नंतर अमेरिकेतला स्वस्त गहू आल्यावर त्यांतल्या बऱ्याच ओस पडत गेल्या. वॉल्डनची ही वास्तूही १९७० च्या दशकात पाडायचं घाटत होतं. ती टिकली ती वाचनालय आत आल्यामुळे. सुंदर आहे म्हणून एखादी वास्तू वाचते, असं इंग्लंडातही क्वचितच घडतं. रोज दार उघडायला कोणी तरी लागतं.

आता संस्था. १८३२ साली या गावातल्या माणसाला वर्तमानपत्र विकत घेणं का परवडत नव्हतं? प्रत्येक अंकावर चार पेन्स मुद्रांक कर होता आणि लंडनचं मोठं दैनिक सात पेन्सला पडायचं. १८३६ मध्ये हा कर एक पेनीवर आला, १८५५ मध्ये गेला. तोवर वर्गणी भरून सामाईक वाचनकक्ष चालवणं हाच उपाय होता. १८५० चा सार्वजनिक वाचनालयांचा कायदाही अशा गावांच्या उपयोगाचा नव्हता. तो दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरांपुरता होता, त्यात फक्त अर्ध्या पेनीचा कर बसवता येत असे, आणि तो पैसा पुस्तकांवर खर्च करायला मनाई होती! वॉल्डनची वस्ती दहा हजारांच्या बरीच खाली. त्यामुळे वर्गणीदारांची संस्था इथे दीर्घकाळ टिकली.

खर्च उचलणारे गिब्सन हे क्वेकर या सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाचे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्यांसाठी सरकारी चर्चच्या श्रद्धेची अट होती, ती हा पंथ मान्य करत नसे. केंब्रिज इथून जेमतेम चौदा-पंधरा मैलांवर, पण त्याची दारं या मंडळींना बंद. मग माल्ट, दारूभट्टी आणि पेढीतून आलेला पैसा आणि रिकामी बुद्धी वनस्पतिशास्त्राकडे, संग्रहालयाकडे आणि वाचनालयाकडे वळली. जॉर्ज स्टेसी गिब्सन (१८१८-१८८३) दिवसा बँक सांभाळायचा आणि एसेक्स परगण्याच्या वनस्पतींची नोंद करायचा. त्याचा त्या विषयावरचा ग्रंथ १८६२ मध्ये निघाला. संस्थेतल्या पुस्तकांचा मोठा वाटा त्याच्याकडून आलेला आहे.

आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयांचा काळही हाच. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. त्यांच्या उभारणीत हात असलेले इंग्रज अधिकारी मायदेशातल्या अशाच वर्गणीच्या वाचनकक्षांत वावरलेले होते. नियमावल्यांचा तोंडवळा सारखा वाटतो तो त्यामुळे.

संग्रह बघायचा असेल तर आधी ईमेलने कळवावं. खालच्या सार्वजनिक वाचनालयात कोणीही सरळ जाऊ शकतं, पण जुनी कपाटं कुलपात असतात आणि ती उघडणारी माणसं रोज नसतात. कुठला विषय, कुठला काळ हे कळवलं तर पुस्तकं काढून ठेवतात. 'जुनी पुस्तकं बघायची आहेत' एवढ्याने काम भागत नाही. सोबत फक्त पेन्सिल ठेवावी, शाईचं पेन पिशवीतच राहू द्यावं. पांढरे हातमोजे सिनेमात शोभतात. कागद हाताळताना मोज्यांमुळे बोटांना स्पर्श कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करणं हेच खरं. पुस्तक फोमच्या उतारावर ठेवून नव्वद-शंभर अंशांच्या पलीकडे उघडायचं नाही, आणि कपाटातून काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही. कणा तिथेच फाटतो. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकलावी आणि मधलं दोन्ही बाजूंनी धरून घ्यावं.

एकोणिसाव्या शतकातल्या चामडी बांधणीवरून बोट फिरलं की विटकरी रंगाची भुकटी हाताला लागते. ही धूळ नसते. इंग्रजीत तिला 'रेड रॉट' म्हणतात. चामडं कमावण्याची पद्धत त्या शतकात घाईची झाली, आणि वाचनकक्षांत वरच्या बाजूला गॅसचे दिवे जळत. त्या गॅसमधल्या गंधकापासून आम्ल तयार होई, गरम हवेबरोबर ते वर चढे आणि चामडं कुजवी. म्हणून वरच्या फळ्यांवरची पुस्तकं खालच्यांपेक्षा जास्त बिघडलेली असतात. एकदा भुकटी सुटायला लागली की ती मागे फिरवता येत नाही. पुस्तकाला फितीने बांधतात किंवा पेटीत घालतात, इतकंच.

कागदाचंही तसंच. १८३० च्या आसपासचं पुस्तक आणि १८८० चं पुस्तक शेजारी उघडून बघावं. आधीचं चिंध्यांच्या लगद्याचं; पान पांढरट आणि लवचिक. नंतरचं लाकडाच्या लगद्याचं, तुरटी-राळेची खळ दिलेलं. कडा तपकिरी झालेल्या आणि कोपरा दुमडला तर तुटणारा. पन्नास वर्षांनी धाकटं पुस्तक थोरल्यापेक्षा म्हातारं दिसतं.

बाराच्या सुमारास बाहेर पडून चौकात जेवावं. भाजलेला बटाटा, त्यावर चीज आणि बीन्स, हा शाकाहारी माणसाचा इथला आधार. दोन वाजल्यानंतर गाळे आवरायला लागतात.

दुपारचा पहिला तास संग्रहालयाला. ते १८३५ मध्ये उघडलं, आणि मुळातच संग्रहालय म्हणून बांधलेल्या देशातल्या अगदी जुन्या इमारतींत त्याची गणना होते. शेजारी बाराव्या शतकातल्या किल्ल्याचे गारगोटीचे भग्न खांड उभे आहेत. किल्ल्याचा घडीव दगड लोकांनी केव्हाच नेला, आतली भर तेवढी उरली. संग्रहालय अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतं आणि रोज उघडंही नसतं, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ तपासावं.

भारतीयांना रस वाटावा अशी इथली वस्तू आता इथे नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुर्शिदाबादच्या नवाब नाझिमने व्हिक्टोरिया राणीला दिलेली अंबारी मांडायची होती, पण अंबारीखाली हत्ती हवा. शोधाशोध करून पेंढा भरलेला हत्ती मिळाला तो या छोट्या गावाच्या संग्रहालयात. तो होता आफ्रिकेतला. हिंदुस्थानच्या दालनात बंगालची अंबारी आफ्रिकन हत्तीवर बसली आणि लाखो लोक ती बघून गेले. १९६० च्या सुमारास संग्रहालयाने मोठे पेंढा भरलेले प्राणी काढून टाकले, त्यात हा हत्तीही गेला. वॉलेस नावाचा सिंह मात्र टिकला आहे. तो फिरत्या प्राणिसंग्रहातला. १८२५ मध्ये वॉरिक इथे त्याची कुत्र्यांशी झुंज लावली होती. त्या क्रूर खेळावर तेव्हाच बरंच वादळ उठलं.

गावाच्या नावातलं केशरही इथेच समजून घ्यावं. सोळाव्या शतकात हे इंग्लंडातलं केशराचं प्रमुख ठिकाण होतं. जवळच्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन याने त्या काळी या शेतीची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे: कंद उन्हाळ्यात लावायचे, फुलं सप्टेंबरच्या शेवटी सूर्य वर येण्याआधी खुडायची, तंतू वेगळे करून छोट्या भट्टीवर दाबून वड्या वाळवायच्या. (तेव्हाचं पंचांग आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, त्यामुळे आजचा ऑक्टोबर धरावा.) एका फुलात तीनच तंतू, एक ग्रॅम सुकं केशर करायला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. बी धरत नाही, वाढ फक्त कंदापासून. ओल साचली की कंद कुजतो, म्हणून उताराची चुनखडीची जमीन सोयीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयात केशर स्वस्त पडू लागलं आणि इथली शेती मोडली. गावाच्या चिन्हात भिंतीआडची तीन केशरफुलं अजून आहेत.

ऑक्टोबरात गेलात तर एक सावधगिरी. बागांतून जांभळट फुलं दिसतात ती बहुतेक कोल्चिकमची असतात आणि ती विषारी आहेत. फूल उघडून पुंकेसर मोजावेत: केशराला तीन, कोल्चिकमला सहा.

उरलेल्या उजेडात दोन ठिकाणं. ब्रिज एंड गार्डन ही फ्रान्सिस गिब्सनने १८४० च्या सुमारास केलेली बाग. प्रवेश फुकट, आत यू झाडाच्या कुंपणाचा भुलभुलैया. तिला लागून फ्राय आर्ट गॅलरी, जिथे एडवर्ड बॉडन, एरिक रॅव्हिलियस अशा या परिसरात राहून काम केलेल्या चित्रकारांचा संग्रह आहे. हिवाळ्यात ती बंद असते. मग कॉमनवरचा, म्हणजे गावाच्या सामाईक मोकळ्या मैदानावरचा, हिरवळीत कोरलेला चक्रव्यूह. वाट एकच, सुमारे दीड किलोमीटर, चुकायची सोय नाही. तो नव्याने कोरल्याची नोंद १६९९ ची आहे. वाटेवर विटा घातल्या आहेत. पावसानंतर त्या शेवाळाने निसरड्या होतात, पाय जपून टाकावा.

चर्चकडे परतताना ओल्ड सन इन या जुन्या सराईच्या भिंतींवरचं चुन्याचं उठावकाम बघावं. त्यावर १६७६ हे साल आहे, आणि दोन धिप्पाड माणसं: स्थानिक लोककथेतला टॉम हिकाथ्रिफ्ट आणि विझबीचचा राक्षस. परवाच्या मुक्कामाची ही आगाऊ ओळख.

बुधवार: बेरी सेंट एडमंड्स

ऑडली एंडहून केंब्रिज, तिथे गाडी बदलून बेरी. केंब्रिज ते बेरी पाऊण तास, गाडी साधारण तासाला एक. केंब्रिजला चुकामूक झाली तर तासभर फलाटावर जातो, म्हणून बदलायला पंधरा मिनिटं तरी हाताशी ठेवावी.

इथली संस्था म्हणजे एंजल हिलवरचं अथेनियम. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं घर, मग नाच-गाण्यांची असेंब्ली रूम, १८०४ च्या सुमारास फ्रान्सिस सॅंडिसने दिलेलं आजचं रूप, आणि १८५० च्या दशकात वाचन-व्याख्यानांची संस्था. छपरावर तारे बघण्यासाठी केलेला छोटा घुमट खालूनही दिसतो. समोरच्या फुटपाथऐवजी चौकाच्या पलीकडच्या कडेला उभं राहावं. मोठ्या दालनात चार्ल्स डिकन्सने १८५९ आणि १८६१ मध्ये आपल्या लेखनाची जाहीर वाचनं केली. उतरायचा तो समोरच्याच एंजल हॉटेलात.

अडचण एवढीच की हे दालन आज लग्नं आणि समारंभांना भाड्याने जातं. त्यावरच इमारतीचा खर्च निघतो, त्यामुळे आयत्या वेळी आत जाता येईलच असं नाही. दुपारी दारात फुलांच्या गाड्या दिसल्या की समजावं. खात्रीने बघायचं असेल तर सप्टेंबरातल्या 'हेरिटेज ओपन डेज'च्या काळात यावं. तेव्हा एरवी बंद असणाऱ्या कित्येक वास्तू फुकट दाखवतात.

आत जाता आलं नाही तर वेस्टगेट स्ट्रीटवरच्या थिएटर रॉयलला जावं. मराठी नाटकवेड्यांनी तर आधी तिथेच. १८१९ मध्ये विल्यम विल्किन्सने बांधलेलं हे रीजन्सी काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, नाट्यगृह आहे. ब्रँडन थॉमसचं 'चार्लीज आंट' पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते इथे, २९ फेब्रुवारी १८९२ रोजी. अत्र्यांची 'मोरूची मावशी' ही त्याचीच मराठी लेक. विजय चव्हाणांच्या मावशीला हसलेल्या पिढीला ही जागा रंगभूमीच्या वंशावळीतली वाटेल. प्रयोग नसेल त्या दिवशी नाट्यगृह दाखवतात. वेळ आधी विचारावी. प्रेक्षागृह आखूड आणि उंच आहे, शेवटच्या रांगेलाही नटाचा चेहरा दिसतो. कोठार म्हणूनही ही वास्तू बरीच वर्षं वापरात होती. समोरच्या दारूभट्टीच्या पिंपांनी ती भरलेली असे, आणि पिंपांमुळेच पाडली गेली नाही.

मठाचे अवशेष, चौदाव्या शतकातला ॲबी गेट आणि बाराव्या शतकातला नॉर्मन टॉवर एंजल हिलच्या बाजूलाच आहेत, बाग फुकट. बाजार बटरमार्केट आणि कॉर्नहिलवर पसरतो.

गुरुवार: विझबीच

बेरीहून मार्च या स्थानकापर्यंत थेट गाडी मिळते, इप्सविच-पीटरबरो मार्गावरची. पण ती दर तासाला नसते. वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवावं. मार्चहून विझबीच दहा मैल, पुढे बस किंवा टॅक्सी. विझबीचची प्रवासी रेल्वे १९६८ मध्ये बंद झाली, आणि ती परत आणायची मागणी आजही चालू आहे. वाटेत फेन्सचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश दिसतो. पाणी उपसून कोरडी केलेली ही जमीन खचत गेली आहे आणि कालवे आता रस्त्यापेक्षा उंचावरून वाहतात.

विझबीच अँड फेनलँड म्युझियम चर्चच्या शेजारी, जुन्या किल्ल्याच्या आवारात आहे. संस्था १८३५ ची, इमारत १८४७ ची, वास्तुकार जॉर्ज बकलर. प्रवेश फुकट. आतल्या काचेच्या कपाटांसह एकोणिसाव्या शतकातली मांडणी बरीचशी तशीच आहे, आणि ती टिकण्याचं कारण पैशाचा तुटवडा. श्रीमंत संग्रहालयांनी जुनी कपाटं केव्हाच फेकून दिली.

वस्तू दोन शोधाव्या. पहिली, टॉमस क्लार्कसनची पेटी. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला क्लार्कसन इथे १७६० मध्ये जन्मला आणि काही वर्षं कालच्या बेरीत राहत होता. आफ्रिकेत उत्तम कापड, मिरी, हस्तिदंत, लाकूड मिळतं, मग माणसंच का विकत घ्यायची, हा मुद्दा पटवायला तो ही पेटी घेऊन गावोगाव हिंडला. भाषणापेक्षा नमुना बोलका असतो हे त्याला ठाऊक होतं. वर्णन न करता तो कप्पा उघडून दाखवायचा.

दुसरी, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं डिकन्सच्या हातचं हस्तलिखित. डिकन्सने ते ज्याला कादंबरी अर्पण केली त्या चॉन्सी हेअर टाउनशेंडला दिलं, आणि टाउनशेंडच्या मृत्यूनंतर १८६८ मध्ये त्याच्या संग्रहाबरोबर ते इथे आलं. हे रोज पाहायला मिळत नाही. प्रकाशाने शाई फिकी पडते आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून मोजक्या दिवशी, मोजक्या पानांवर उघडून ठेवतात. तारीख विचारूनच या मुक्कामाची आखणी करावी. दिसलं तर खोडाखोड बघा: ओळीवर ओळ, मध्ये दुरुस्त्या, समासात भर. छापखान्यातले खिळे जुळवणारे जुळारी हे कसं वाचत असतील याचंच नवल.

या इमारतीचा शत्रू पाणी. छपराचे दोन उतार मध्ये मिळतात आणि त्या खोबणीत शिशाच्या पत्र्याची पन्हळ असते, बाहेरून कठड्याआड झाकलेली. कबुतरांची घाण आणि पानं अडकली की पाणी तुंबतं, पत्र्याच्या जोडावरून मागे चढतं, आणि खालच्या तुळया कुजायला लागतात. खोलीतल्या छताला डाग पडेपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. ही वास्तू धोक्यातल्या वारशाच्या सरकारी यादीत होती. अनुदान मिळवून छपराची दुरुस्ती करावी लागली. दानपेटीत पाच पौंड टाकायला मागेपुढे पाहू नये.

हिल स्ट्रीटवरचं वर्किंग मेन्स इन्स्टिट्यूट १८६४ चं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. बाहेरून बघून पुढे निघावं. नदीकाठचं नॉर्थ ब्रिंक मात्र चालत जावंच. तिथलं पेकओव्हर हाउस १७२२ चं, आज 'नॅशनल ट्रस्ट'कडे. पेकओव्हरही क्वेकर बँकरच. त्यांची पेढीही १८९६ च्या त्याच विलीनीकरणात गेली ज्यात वॉल्डनच्या गिब्सनांची गेली होती. पलीकडच्या काठावर ऑक्टाव्हिया हिल १८३८ मध्ये जन्मली, 'नॅशनल ट्रस्ट'च्या संस्थापकांपैकी एक. नीन नदीला इथे भरती-ओहोटी असते. ओहोटीच्या वेळी काठाचा चिखल उघडा पडतो, आणि छायाचित्रं हवी असतील तर भरतीची वेळ बघून जावं.

परतीसाठी मार्चपेक्षा पीटरबरो किंवा किंग्ज लिनची बस सोयीची पडते. दोन्हीकडून लंडनच्या किंग्ज क्रॉसला थेट गाड्या आहेत. पीटरबरोहून जलद गाडी तासाच्या आत पोचवते, लिनहून पावणेदोन तास धरावे. पीटरबरोचं आगाऊ तिकीट ठरावीक गाडीलाच चालतं आणि गुरुवारी बाजार उठताना बस रस्त्यात अडकते, तेव्हा बस आणि गाडी यांत तासाभराची फट ठेवून तिकीट काढावं.